जागतिक २० वर्षांखालील ॲथलेटिक्स स्पर्धेतील पुरुषांची १०० मीटर शर्यत

जागतिक २० वर्षांखालील ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतील पुरुष गटाची सर्वांत कमी अंतराची शर्यत. स्पर्धेला १९८६ मध्ये अथेन्स येथे सुरुवात झाली. तेव्हा तिला जागतिक ज्युनियर स्पर्धा म्हणत. सध्याचे नाव २०१६ च्या बिडगोश्च (पोलंड) येथील स्पर्धेपासून रूढ झाले. ती दर दोन वर्षांनी भरते. २०२० ची नैरोबीची स्पर्धा मात्र कोविडच्या साथीमुळे २०२१ मध्ये झाली.

स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला ज्याचे वय १६ ते १९ असेल तोच धावपटू पात्र ठरतो. वय या एकाच तारखेवर मोजत असल्याने जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात येतात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी स्नायूंची वाढ झपाट्याने होत असते, त्यामुळे हा फरक थोडा नाही. एका देशाचे जास्तीत जास्त दोन धावपटू या शर्यतीत उतरतात. अमेरिका आणि जमैका यांच्याकडे वेगवान मुलांची रांग असली, तरी त्यांनाही दोघांवरच थांबावे लागते. लहान देशांना संधी मिळते ती बरीचशी या नियमामुळे.

शर्यत प्राथमिक फेरी, उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी अशा तीन टप्प्यांत होते. उपांत्य फेरीत सहसा तीन शर्यती असतात. प्रत्येकीतले पहिले दोघे आणि उरलेल्यांतले सर्वांत वेगवान दोघे असे आठ जण अंतिम फेरीत जातात. उपांत्य आणि अंतिम फेरी बहुधा एकाच संध्याकाळी, काही तासांच्या अंतराने होतात. अनेक चांगले धावपटू इथेच चुकतात. प्राथमिक फेरीत पूर्ण ताकद लावली की अंतिम फेरीत पाय जड पडतात. फार आवरून धावले तर शेवटच्या दहा मीटरमध्ये मागचा माणूस अंगावरून निघून जातो. शाळा-महाविद्यालयाच्या मैदानात एकाच दमात जिंकणाऱ्या मुलाला अशा फेऱ्या धावण्याचा सराव नसतो. या वयात हाच खरा कस आहे, नुसती वेळ नव्हे.

शर्यतीआधी धावपटूंना कॉल रूममध्ये हजर व्हावे लागते. तिथे छातीवरचा क्रमांक आणि बुटांचे स्पाइक्स (तळाचे खिळे) तपासतात. सिंथेटिक ट्रॅकवर स्पाइक ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. मोबाइल किंवा हेडफोन मैदानात नेता येत नाही. चड्डीच्या बाजूला लेनचा आकडा असलेला स्टिकर लावतात, कारण फोटो-फिनिशच्या, म्हणजे अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात धावपटू त्यावरून ओळखला जातो. थांबण्याचा हा काळ लांबतो, अंग थंड पडते आणि मन भरकटते. २००२ मध्ये किंग्स्टनला घरच्या प्रेक्षकांसमोर २०० मीटर धावताना १५ वर्षांचा उसेन बोल्ट इतका घाबरला होता, की त्याने बूट उलटसुलट पायांत घातले होते. पुढे त्याने २०.६१ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले, ही गोष्ट वेगळी.

प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद असते. स्टार्टिंग ब्लॉकची (सुरुवातीला पाय टेकवून जोर लावायच्या आधाराची) पुढची पाटी रेषेपासून सुमारे दोन पावले (धावपटूच्या स्वतःच्या पावलांच्या मापाने) आणि मागची सुमारे तीन पावले दूर लावतात. उंच मुले ती थोडी मागे सरकवतात. ‘ऑन युअर मार्क्स’ला दोन्ही हात रेषेच्या मागे, अंगठा आणि बोटे यांची कमान करून टेकवायचे. ‘सेट’ला कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर न्यायची आणि निश्चल राहायचे. एखादा जरी हलत असला तर स्टार्टर (शर्यत सुरू करणारा पंच) सगळ्यांना उभे करतो. बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत ब्लॉकवर दाब उमटला तर तो फॉल्स स्टार्ट होतो, कारण आवाज ऐकून पाय हलायला त्याहून जास्त वेळ लागतो असे नियम गृहीत धरतो. २०१० पासून पहिल्याच फॉल्स स्टार्टला बाद करतात. धावपटूसमोर लाल-काळे कार्ड धरले, की वर्षानुवर्षांची मेहनत तिथेच थांबते. म्हणून अनुभवी प्रशिक्षक मुलांना आवाजाचा अंदाज बांधू नका, आवाजाची वाट बघा असे बजावतात.

पहिल्या तीस मीटरमध्ये अंग पुढे झुकलेले हवे आणि पाय जमिनीला मागे ढकलणारे. इथली नेहमीची चूक म्हणजे शेजारचा पुढे गेलेला दिसताच मान वर करून ताठ उभे राहणे. अंग ताठ झाले की ढकल संपते. कमाल वेग साधारण ५० ते ७० मीटरच्या टप्प्यात येतो आणि त्यानंतर प्रत्येकाचाच वेग उतरत जातो. शेवटी ‘झेप घेतो’ असा दिसणारा धावपटू खरे तर इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. याच वेळी घाबरून पावले लांब टाकली तर टाच शरीराच्या पुढे पडते आणि तिचाच ब्रेक बसतो. खांदे वर चढतात, जबडा आवळतो. अंतिम रेषेवर छाती झोकायची ती शेवटच्या पावलावर. दोन पावले आधी झोकणारा वेगही घालवतो आणि तोलही.

निकाल धडाच्या पुढच्या कडेवर लागतो. डोके, मान, हात, पाय मोजत नाहीत. वेळ वरच्या शतांशाला नेतात, म्हणजे १०.२०१ ची नोंद १०.२१ होते. वारामापक अंतिम रेषेपासून ५० मीटरवर, १.२२ मीटर उंचीवर असतो आणि बंदुकीपासून १० सेकंदांची सरासरी घेतो. पाठीमागून सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर वेळ विक्रमात धरत नाहीत, पदक मात्र राहते.

म्हणूनच विजेत्यांच्या वेळांची थेट तुलना करणे फसवे आहे. जमैकाच्या डेक्स्टर ली याने २००८ मध्ये १०.४० सेकंदांत सुवर्ण जिंकले, २०१० मध्ये ते १०.२१ मध्ये राखले आणि ही शर्यत लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिला ठरला. ब्रिटनच्या ॲडम जेमिलीने २०१२ मध्ये बार्सिलोनात १०.०५ नोंदवले. अमेरिकेचा ट्रेव्हॉन ब्रोमेल २०१४ च्या जूनमध्ये युजीनच्या मैदानावर ९.९७ धावला होता. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर जागतिक स्पर्धेत केंडल विल्यम्सने १०.२१ मध्ये त्याला मागे टाकले. २०१६ चा विजेता नोआ लाइल्स २०२४ मध्ये पॅरिसला १०० मीटरचा ऑलिंपिक विजेता झाला. त्याच बिडगोश्चमध्ये नीरज चोप्राने ८६.४८ मीटर भाला फेकला होता.

या शर्यतीचे सर्वांत सुंदर उदाहरण २०१८ चे, फिनलंडमधल्या टाम्पेरेचे. इंडोनेशियाच्या लोंबोक बेटावरचा लालू मुहम्मद झोहरी आठव्या, म्हणजे कडेच्या लेनमध्ये होता. कडेला एका बाजूने स्पर्धकच नसतो. मधल्या लेनमधले काय करतात हे डोळ्याच्या कोपऱ्यातूनही धड दिसत नाही. त्यामुळे माणूस एकतर हरवतो किंवा स्वतःचीच शर्यत धावतो. झोहरीने दुसरे केले. वेळ १०.१८, अमेरिकेचे अँथनी श्वार्ट्झ आणि एरिक हॅरिसन दोघेही १०.२२. चार शतांश सेकंद म्हणजे त्या वेगाला जेमतेम एक हात अंतर. इंडोनेशियाचे या स्पर्धेतले ते पहिलेच पदक होते. दुसऱ्या दिवशी याच मैदानावर हिमा दासने महिलांची ४०० मीटर शर्यत ५१.४६ सेकंदांत जिंकली. त्यामुळे तो आठवडा भारतीयांनाही आठवतो.

२०२२ मध्ये कोलंबियातल्या काली शहरी बोत्स्वानाच्या लेत्सिले तेबोगोने ९.९१ सेकंदांत जिंकून २० वर्षांखालील गटाचा तोवरचा विश्वविक्रम मोडला. काली समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. तिथली विरळ हवा थोडी मदत करते. तेबोगोने शेवटच्या टप्प्यात मान वळवून जमैकाच्या बोवाजी न्क्रुमीकडे (१०.०२) पाहिले आणि बोट हलवले. सरळ धावला असता तर वेळ आणखी उतरली असती. त्याच स्पर्धेतल्या २०० मीटरला इस्राएलचा ब्लेसिंग अफ्रिफा आणि तेबोगो या दोघांचीही वेळ १९.९६ लागली, आणि फोटो-फिनिशच्या चित्रावरून सुवर्ण अफ्रिफाला देण्यात आले.