वाटाण्याएवढे खडे आणि टायरमधली हवा

गोव्यातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, माउंटन बाइक घसरते ती बऱ्याचदा भर उन्हाळ्यात, वाट कोरडी ठणठणीत असताना. चिखलाला सगळेच बिचकतात, कोरड्या सड्यावर कुणी संशय घेत नाही.

वाटेवरची मूठभर खडी उचलून पाहा. बरेच खडे वाटाण्याएवढे आणि चक्क गोल असतात. दीर्घकाळच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. तोच जांभा, आपल्या घरांचा चिरा. त्यातलं लोह काही ठिकाणी थरावर थर चढून गोळ्या होतं आणि कठीण कातळावर या गोळ्या बेअरिंगच्या छऱ्यांसारख्या टायरखाली गरगरतात.

इलाज टायरमधली हवा कमी ठेवण्यात आहे. स्वार आणि सायकल मिळून ८४ किलो धरले, तर मागच्या चाकावर साधारण ५० किलो येतात. टायरचा स्वतःचा ताठरपणा सोडला, तर ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाबाला तो जेमतेम १६ चौरस सेंटिमीटर टेकतो, २५ ला २८. टेकणारी जागा वाढली की रबराची नक्षी खड्यांच्या मधून कातळ धरू शकते. २.२५ इंची ट्यूबलेस टायरला पुढे २३, मागे २५ पासून सुरुवात करावी. आत ट्यूब असेल तर चार-पाच जास्तच, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब रिमशी चेपते आणि सापाने डसल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हवा सावलीत मोजा: २५ अंशांना भरलेले २५ पीएसआय ४५ अंशांना २७.५ च्या पुढे जातात. ट्यूबलेसमधलं सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) उकाड्यात आटतं, दर दोन-तीन महिन्यांनी तपासावं.

ब्रेक वळणाआधी. वळताना पुढचा ब्रेक आवळला की आधीच तोकडी असलेली पकड वळायलाही पुरत नाही आणि थांबायलाही.

लाल धुळीचा दुसरा प्रताप चेनवर दिसतो. दागिन्यांना झिलई देणारी लाल भुकटीही लोहाचं ऑक्साइडच. तीच तेलात कालवली की चेन कुरतडते. उन्हाळ्यात कोरडं ल्यूब (कोरड्या दिवसांसाठीचं चेनचं वंगण) घ्या, प्रत्येक रोलरवर एकच थेंब, मग फडक्याने बाहेरून पुसून काढा. नव्या चेनच्या २४ कड्या, पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत, ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६.३ झाल्या की चेन बदलावी, नाहीतर ती महागडी कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संचही, खाते.

पावसात कातळावर शेवाळ चढतं; तिथे कमी हवाही वाचवत नाही. श्रावण-भाद्रपदात त्याच सड्यावर सीतेची आसवं फुलतात. मातीत नायट्रोजन इतका कमी की ही नाजूक वनस्पती बारीक जीव पकडून गुजराण करते. बोटभर मातीत चाकाची चाकोरी पडली की पाणी तिथूनच वाहतं आणि माती घेऊन जातं, म्हणून मळलेली वाट सोडू नये. शिवाय आडवाटेला सोडून दिलेल्या चिरेखाणी असतात, भिंतीसारख्या सरळ कापलेल्या आणि पाण्याने भरलेल्या. गवत वाढलं की त्यांची कड अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.