प्रेह विहिअरचा नकाशा अचूक नव्हता

'नकाशा अचूक ठरला म्हणून थायलंडच्या सीमेवरचं प्रेह विहिअर मंदिर कंबोडियाला मिळालं', हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

१९०४ च्या करारात फ्रान्स आणि सयाम (आजचं थायलंड) यांनी डांगरेक डोंगररांगेत पाणलोटाची रेषा, म्हणजे पावसाचं पाणी जिथून दोन बाजूंना वाहतं ती रेषा, हीच सीमा मानली होती. सयामच्याच विनंतीवरून फ्रेंच अधिकाऱ्यांनी नकाशे काढले. त्यात मंदिर कंबोडियाकडे गेलं. तेव्हा कंबोडिया फ्रान्सच्या ताब्यात होता, म्हणजे नकाशा काढणारे तटस्थ नव्हतेच. तरीही सयामनं हरकत घेतली नाही. उलट सयामचे राजपुत्र दामरोंग यांनी आभार मानून आणखी १५ प्रती मागवल्या! पुढे १९३४-३५ च्या पाहणीत खरी पाणलोट रेषा वेगळी असल्याचं सयामला कळलं. त्यानंतरही मंदिर कंबोडियात दाखवणारे नकाशे तिथं वापरात राहिले.

मंदिराच्या वादात १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ९ विरुद्ध ३ मतांनी कंबोडियाच्या बाजूनं निकाल दिला तो सयामच्या या दीर्घ मौनावर. पाणलोट रेषा नेमकी कुठून जाते, हे ठरवण्याची गरजच नाही, असं न्यायालयानं म्हटलं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो. २०१३ मध्ये न्यायालयानं मंदिर ज्यावर आहे ते डोंगराचं पूर्ण टोकही कंबोडियाचंच असल्याचं स्पष्ट केलं. बाकीच्या सीमेवर मात्र निर्णय दिला नाही.