विदर्भातील खाण-अपघात : पाणी, छत आणि ढिगारे यांचा इतिहास

कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) आणि मॅंगनीज काढणारी मॉयल या दोन सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालये नागपुरात आहेत आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या पश्चिम विभागाचे कार्यालयही याच शहरात आहे. त्यामुळे उमरेड, सावनेर किंवा वणी भागातील एखाद्या खाणीत कामगार दगावला, की चौकशी, नुकसानभरपाई आणि कामगार संघटनांचे आंदोलन या तिन्हींचे धागे नागपुरात येऊन मिळतात. अशा प्रत्येक घटनेला ‘दुर्दैवी’ हे विशेषण लावले जाते. प्रत्यक्षात गेल्या सव्वाशे वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तर कारणे मोजकीच आणि वारंवार तीच आढळतात.

भारतात खाण सुरक्षेचा कायदा आला तो मोठ्या जीवितहानीनंतर. १८९७ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ आणि त्यानंतर बलुचिस्तानातील खोस्त येथील कोळसा खाणीत ४७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९०१ चा खाण कायदा झाला आणि १९०२ साली कलकत्त्यात खाण निरीक्षणाचे कार्यालय सुरू झाले, जे १९०८ मध्ये धनबादला हलले. याच सुमारास नागपूर जिल्ह्यात मनसर परिसरात मॅंगनीजचे उत्खनन सुरू होत होते. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण त्याहून जुनी, पण ती १९०६ साली बंद पडली. कामगाराला अपघाताबद्दल हक्काने भरपाई मिळण्यासाठी मात्र १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा यावा लागला. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढे दाखवले की मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज कुटुंबावर राहिली नाही, हा त्यातला खरा बदल होता.

१० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसले आणि ६३ कामगारांचा मृत्यू झाला. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. म्हणजे हा अपघात नागपुरातून कारभार चालणाऱ्या राज्यातच घडला होता; परंतु खाणींतील कामगार आणि सुरक्षितता यांचे नियमन हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय असल्याने राज्य सरकारच्या हाती फारसे काही नव्हते. आजही जिल्हा प्रशासन अपघातस्थळी पोहोचते, पण खाणीचे काम थांबवण्याचा आदेश देते ते केंद्राचे खाण सुरक्षा महासंचालनालय, आणि आंदोलकांचा रोष अनेकदा चुकीच्या दारावर जातो तो यामुळेच.

पाण्याचा धोका नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे नियम कळत नाहीत. कोळसा काढून सोडून दिलेल्या जुन्या गॅलऱ्यांमध्ये, म्हणजे भूमिगत बोगद्यांमध्ये, वर्षानुवर्षे पाणी साचत राहते, आणि नव्या कामाचे तोंड त्या दिशेने सरकत असताना मधली कोळशाची भिंत किती जाड उरली आहे हे केवळ नकाशावरून ठरते. नकाशा जुना, अपुरा किंवा चुकीचा असेल तर ती भिंत कागदावर जाड आणि प्रत्यक्षात पातळ असते. म्हणून १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनुसार (२०१७ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली) बंद पडलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदता येत नसे, नदी किंवा तलावाच्या खाली आणि भोवती १५ मीटरच्या आतही तसेच बंधन होते, आणि खाणीचे प्रवेशद्वार पुराच्या सर्वोच्च पातळीपेक्षा किमान दीड मीटर उंच असावे लागे. कन्हान नदीच्या काठाने पसरलेल्या कामठी कोळसा क्षेत्रात या तरतुदींना किती महत्त्व आहे, हे वेगळे सांगायला नको.

तरीही १८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूरजवळच्या सिल्लेवाडा खाणीत पाणी शिरून १० कामगार ठार झाले. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन दोन वर्षे उलटली होती आणि वेकोलिची स्थापना जेमतेम आदल्या महिन्यात झाली होती. खाजगी मालक सुरक्षेकडे दुर्लक्ष करतात, हा राष्ट्रीयीकरणामागचा एक प्रमुख युक्तिवाद असल्याने ही घटना अधिक चर्चिली जायला हवी होती. परंतु महिना-दीड महिन्यातच, २७ डिसेंबरला, धनबादजवळच्या चासनाला खाणीत ३७५ जणांचा बळी गेला आणि सिल्लेवाड्याकडे देशाचे लक्ष राहिले नाही.

मोठे आकडे पाण्याने आणि स्फोटांनी घडवले. एकेकट्या कामगाराचे मृत्यू मात्र भूमिगत खाणीत बहुधा छत कोसळून होत आले. कोळशाचे खांब ठेवून गॅलऱ्या खोदायच्या आणि शेवटी तेच खांब काढत मागे यायचे, या पद्धतीत खांब काढण्याचा टप्पा सर्वांत जोखमीचा. पोकळी भरून काढण्यासाठी कन्हानची वाळू पाण्याबरोबर खाली सोडली जाई. लाकडी टेकूंची जागा पुढे छतात ठोकल्या जाणाऱ्या पोलादी बोल्टनी घेतली.

उत्पादन खुल्या खाणींकडे वळले तसे धोक्याचे स्वरूप बदलले. २४ जून २००० रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील वेकोलिच्या कवडी खुल्या खाणीत पायऱ्यांसारख्या कापलेल्या कडा ढासळून १० जण मरण पावले. जमिनीवर, उघड्या आकाशाखाली काम असल्याने खुली खाण सुरक्षित, हा समज तेव्हाच सोडून द्यायला हवा होता. माती आणि दगडांचे ढिगारे, त्यांत मुरणारे पावसाचे पाणी आणि अरुंद रस्त्यांवरून धावणारे डंपर हेच आता चिंतेचे विषय आहेत.

या डंपरांवर आणि यंत्रांवर आज बहुतेकदा ठेकेदाराचे कामगार असतात. १९५२ च्या खाण कायद्याने कायम आणि ठेका कामगार असा भेद केलेला नाही; खाणीत काम करणारा प्रत्येक जण त्याच्या कक्षेत येत होता, आणि १९६६ च्या नियमांनुसार त्याला व्यावसायिक प्रशिक्षण देणेही बंधनकारक होते. किरकोळ इजांच्या बाबतीत मात्र कायद्याची मांडणीच ठेका कामगाराला प्रतिकूल ठरत असे. ७२ तास किंवा अधिक काळ कामावर येता आले नाही, तर ती इजा कळवण्याजोगी धरली जाई. रोजंदारी बुडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी बांधलेल्या हातानेच हजेरी लावणारा माणूस त्या आकड्यात येत नसे.

धुळीने होणारे आजार तर त्याहून मागे राहिले आहेत. सिलिकोसिस, कोळसा कामगारांचा फुप्फुसविकार आणि मॅंगनीजची मज्जासंस्थेवरील विषबाधा हे आजार १९५२ च्या खाण कायद्याखाली अधिसूचित होते, परंतु लक्षणे अनेकदा नोकरी सुटल्यावर दिसतात आणि तोवर कामगार गावी परतलेला असतो. या आजारांच्या अभ्यासासाठी १९९० साली स्थापन झालेली राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्था पुढे नागपुरातून काम करू लागली. २०१९ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्यास मान्यता दिली.