शिंपलेवेचणी

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूतून, चिखलातून आणि खडपांवरून खाण्याजोगे शिंपले हाताने किंवा साध्या हत्याराने गोळा करणे. लाटांपासून आडोसा असलेला उथळ उपसागर यासाठी सर्वांत सोयीचा असतो. उतार मंद असल्याने पाणी थोडे उतरले तरी जमीन लांबवर उघडी पडते. पण त्याच उतारावरून भरतीही झपाट्याने परतते.

अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाची ओहोटी सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असलेल्या भांगाच्या दिवसांत, शिंपल्यांचा पट्टा बहुधा पाण्याखालीच राहतो. दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोचून उतरत्या पाण्यामागे जावे आणि पाणी तळाला टेकताच परत फिरावे. भरतीच्या पहिल्या तासात एकूण चढावाचा सुमारे बारावा भागच येतो, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या-चौथ्यात तिप्पट. पहिल्या संथ तासामुळेच माणसे गाफील राहतात. शिवाय पाणी आधी चरांत भरते, त्यामुळे पाठीमागची वाट तुटते.

वाळूवरची बारीक भोके किंवा पाण्याची चिळकांडी ही वाळूत पुरून राहणाऱ्या ‘तिसऱ्या’ नावाच्या शिंपल्यांची खूण. खुरप्याने बाजूने उकरावे. वरून घाव घातल्यास कवच फुटते. लहान शिंपले परत टाकून खड्डा बुजवावा, नाहीतर उपसलेल्या ढिगाखाली इतर जीव गुदमरतात. कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, कडा धारदार असतात, म्हणून जाड तळाचे बूट आणि हातमोजे हवेतच. उबदार समुद्रातले व्हिब्रिओ जिवाणू जखमेतून शरीरात शिरतात. यकृताचा विकार असणाऱ्यांना ते जिवावर बेतू शकते.

शिंपले ओल्या गोणपाटात, सावलीत न्यावेत. बंद पिशवीत ते गुदमरतात आणि गोड्या पाण्यात मरतात. वाळू काढण्यासाठी लिटरमागे ३५ ग्रॅम मिठाच्या पाण्यात, जाळीवर, काही तास ठेवावेत; जाळी नसेल तर टाकलेली वाळू ते पुन्हा आत ओढतात. शिजवण्यापूर्वी उघडा शिंपला टिचकी मारूनही मिटला नाही तर तो मेलेला समजून टाकावा. उकळताना कवचे उघडल्यावर आणखी ३ ते ५ मिनिटे शिजवावे. न उघडलेले खाऊ नयेत.

खरा धोका मात्र शिजवून टळत नाही. शिंपले पाणी गाळून अन्न घेतात, त्यामुळे काही सूक्ष्म शैवालांचे सॅक्सिटॉक्सिन हे विष त्यांच्या मांसात साठते. त्याला वास नसतो, चव नसते. उष्णतेने किंवा गोठवण्याने ते नष्ट होत नाही. अशा शैवालांमुळे पाणी लालसर दिसेलच असेही नाही, म्हणून मत्स्यविभागाने बंदी घातलेल्या भागात वेचू नये. मोठ्या पावसानंतर सांडपाणी उपसागरात उतरते. तेव्हाही काही दिवस थांबावे. खाल्ल्यावर ओठ-जीभ झिणझिणू लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे: या विषावर उतारा नाही, पण श्वास यंत्राने चालू ठेवल्यास रोगी वाचू शकतो.