स्लॉकनीलचा रॉबर्ट एमेट्स क्लब

उत्तर आयर्लंडमधील डेरी काउंटीत, माहेरा गावाजवळ, कार्नटोहर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या स्लॉकनील या शेतकरी वस्तीचा रॉबर्ट एमेट्स हा गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांचा, क्रीडा क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केल्याबद्दल १८०३ मध्ये डब्लिन येथे फाशी गेलेल्या रॉबर्ट एमेट या क्रांतिकारकाचे नाव क्लबने धारण केले आहे.

१८८४ मध्ये आयर्लंडमधील थर्ल्स येथे स्थापन झालेल्या, या खेळांचे नियमन करणाऱ्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनच्या व्यवस्थेत खेळाडूला मानधन नसते आणि तो सहसा आपल्या जन्मगावाच्याच क्लबकडून खेळतो. त्यामुळे लहान गावाला बाहेरून खेळाडू आणता येत नाहीत. बहुतेक ग्रामीण क्लब म्हणूनच हर्लिंग किंवा गेलिक फुटबॉल यांपैकी एका खेळावर भर देतात. एकात लाकडी काठीने लहान, कडक चेंडू मारायचा, तर दुसऱ्यात मोठा चेंडू हाताने आणि पायाने खेळायचा. दोन्हींची कौशल्ये वेगळी आणि हंगाम मात्र एकच. स्लॉकनीलने दोन्ही खेळ, आणि त्यांच्या जोडीला हर्लिंगचाच स्त्रियांचा प्रकार असलेली कॅमोगी, सारख्याच निष्ठेने जोपासली. क्रिसी मॅकेग यांच्यासारखे अनेक खेळाडू एका रविवारी फुटबॉलच्या आणि पुढच्या रविवारी हर्लिंगच्या मैदानात उतरत, आणि क्लबचे खरे वैशिष्ट्य येथेच आहे.

फुटबॉलमधील डेरीचे वरिष्ठ विजेतेपद क्लबला २००४ मध्ये प्रथम मिळाले, तर अल्स्टर प्रांताचे २०१४ मध्ये. २०१६ मध्ये फुटबॉल, हर्लिंग आणि कॅमोगी अशी अल्स्टरची तिन्ही विजेतेपदे याच वस्तीत आली. हर्लिंगमध्ये तर डेरीच्या कोणत्याही क्लबने त्यापूर्वी हा मान मिळवलेला नव्हता. २०१७ मध्ये तिन्ही संघांनी तोच पराक्रम पुन्हा केला. अखिल आयर्लंड फुटबॉल अंतिम सामन्यात मात्र २०१५ मध्ये कोरोफिन या क्लबकडून आणि २०१७ मध्ये डॉ. क्रोक्स या क्लबकडून पराभव पत्करावा लागला. दुसरा पराभव अवघ्या दोन गुणांचा होता, आणि गोलला तीन गुण मिळणाऱ्या या खेळात हे अंतर किती थोडे, हे सहज लक्षात येते. राष्ट्रीय विजेतेपद आणले ते स्त्रियांनी: कॅमोगी संघाने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे ते जिंकले.

क्लबच्या इतिहासाशी आयरिश भाषेचे पुनरुज्जीवनही जोडलेले आहे. १९९० च्या दशकात स्थानिक रहिवाशांनी आयरिश माध्यमाची बालवाडी आणि प्राथमिक शाळा उभारली. ज्या भागात ही भाषा घरांतून लुप्त झाली होती, तेथील मुले आता ती शाळेत आणि मैदानावर बोलतात. खेळ आणि भाषा ही दोन्ही कामे एकाच समाजाने हाती घेतल्याने त्यांना एकमेकांचा आधार मिळाला.

काउंटीतील क्लबांच्या खेळाडूंमधून निवडलेल्या डेरी काउंटी संघाने २०२२ मध्ये, १९९८ नंतर प्रथमच, अल्स्टरचे फुटबॉल विजेतेपद जिंकले, तेव्हा त्या संघात मॅकेग यांच्यासह स्लॉकनीलचे अनेक खेळाडू होते.