'फ्रीज'ची लाल टोपी रोमन गुलामांची नव्हे

पॅरिस २०२४ ऑलिंपिकचे लाल टोपीच्या आकाराचे शुभंकर 'फ्रीज' नोव्हेंबर २०२२मध्ये जाहीर झाले आणि एक जुनी समजूत पुन्हा फिरू लागली: ही लाल टोपी रोममधल्या मुक्त गुलामांची. ऐकायला छान आहे, पण खरं नाही.

रोममध्ये मुक्त झालेला गुलाम घालायचा ती 'पिलिअस', म्हणजे बिनकाठाची फेल्टची टोपी. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने पाडलेलं नाणं बघा: दोन खंजीर, मधे ही टोपी आणि खाली खुनाची तारीख. टोपी अर्ध्या अंड्यासारखी ताठ, शेंडा कुठेच झुकलेला नाही.

पुढे झुकलेल्या शेंड्याची फ्रिजियन टोपी वेगळीच. फ्रिजिया आजच्या तुर्कस्तानात येतं. ग्रीक आणि रोमन कलाकार ही टोपी पूर्वेकडच्या परक्यांना घालत. मिथ्र देवाला, ट्रॉयचा राजपुत्र पॅरिसला (शहराशी याचा काही संबंध नाही, उगाच जोडू नका). गुलामांच्या सुटकेशी तिचं देणंघेणं नव्हतं.

अठराव्या शतकात दोन्हींची सरमिसळ झाली आणि फ्रेंच क्रांतिकारकांनी झुकलेल्या शेंड्याची टोपी डोक्यावर चढवली. २० जून १७९२ रोजी राजवाड्यात घुसलेल्या जमावाने सोळाव्या लुईलाही ती घालायला लावली! पुढे ती प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या मारियानची झाली.

शुभंकर काढणाऱ्यांनी घेतली ती हीच, मारियानची टोपी. जोडीला डोळ्यांपाशी तिरंगी फीत, आणि पॅरालिंपिकच्या फ्रीजला धावपटूंचा कृत्रिम पाय. खुद्द बोधचिन्हातही पदक आणि ज्योतीबरोबर मारियानचाच चेहरा होता.