कामाइरिचा

कामाइरिचा म्हणजे कढईत भाजून केलेला जपानी हिरवा चहा. कामा म्हणजे मोठी लोखंडी कढई, इरी म्हणजे भाजणं-परतणं आणि चा तर आपल्या गावाकडे म्हणतात तोच 'चा'. जपानी ग्रीन टी म्हटलं की सेन्चा नाहीतर माच्चा डोळ्यासमोर येतो, दोन्ही वाफवलेल्या पानांचे, आणि जपानमध्ये जवळपास सगळाच हिरवा चहा वाफवूनच करतात. कढईतल्या चहाचा वाटा १ टक्कासुद्धा नाही, त्यामुळे खुद्द जपानमधल्या कित्येकांनी तो कधी चाखलेलाही नसतो.

खुडलेलं पान तसंच ठेवलं तर कापलेल्या वांग्यासारखं तांबूस पडत जातं, कारण आतली एन्झाइम्स कामाला लागतात. ती थांबवायला उष्णता लागते. सेन्चावाले हे काम वाफेने करतात, म्हणून त्याला ओल्या गवताचा, थोडा समुद्री शेवाळाचा वास राहतो. कामाइरिचात मात्र ताजी पानं ३०० अंशांच्या वर तापलेल्या कढईत टाकून सतत हलवत राहायचं, मग मळायची, पुन्हा कढईत घालून वाळवायची, असं करत करत पान सुकतं. सेन्चाचं पान शेवटी सुईसारखं सरळ वळतात, ती पायरीच इथे नाही, म्हणून हे पान स्वल्पविरामासारखं वाकडंच राहतं. होजिचाशी याची गल्लत करू नका, होजिचा हा आधीच तयार झालेला चहा नंतर भाजून तपकिरी केलेला असतो आणि कामाइरिचात भाजणं अगदी सुरुवातीलाच येतं, चहा हिरवाच राहतो.

ही पद्धत चीनमधून जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर आली. सागा प्रांतातल्या उरेशिनो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात सांगतात की १५०४ साली मिंग राजवटीतल्या चीनमधून आलेल्या को रेइमिनने अशी कढई आणली. उरेशिनोची कढई साधारण ४५ अंशात तिरकी बसवलेली असते, तर मियाझाकी आणि कुमामोतो भागातल्या आओयागी पद्धतीत ती सपाट असते. १८५० च्या दशकात नागासाकीच्या ओउरा केई या बाईंनी उरेशिनोच्या चहाचे नमुने एका डच व्यापाऱ्याबरोबर परदेशी पाठवले, पुढे विल्यम ऑल्ट हा इंग्रज व्यापारी मोठी ऑर्डर घेऊन आला आणि बाईंनी क्यूशूभर फिरून चहा गोळा केला. जपानी चहाच्या निर्यातीच्या इतिहासात ओउरा केई हे नाव फार वरचं आहे आणि आपल्याकडे ते कुणाला माहीतच नाही याचं वाईट वाटतं. आज उरेशिनोतही बहुतेक चहा वाफवलेलाच निघतो, कढईतला सगळ्यात जास्त मियाझाकीत होतो, ताकाचिहो, गोकासे अशा डोंगराळ गावांत.

आता चव. या चहाच्या वासाला जपानीत कामाका म्हणतात, म्हणजे कढईचा वास, आणि मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे, खमंग. रवा भाजताना तो लाल व्हायच्या आधी एक क्षण येतो, घरभर वास सुटतो आणि आता गॅस बंद कर असं नाकच सांगतं, तो वास. काहींना उकडलेल्या चेस्टनटची आठवण होते. कपातला रंग हिरवागार नसून स्वच्छ पिवळा-सोनेरी असतो, कडूपणा कमी, सेन्चातला दाट उमामी, म्हणजे सूप-रश्शात लागते तशी भरीव चव, तोही कमी, पण घोट गिळल्यावर मागून हलका गोडवा येतो आणि बराच वेळ टिकतो. ग्रीन टी म्हणजे कडू काढा असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांना पहिल्यांदा हाच द्यावा असं मला मनापासून वाटतं.

करायलाही हा सोपा आणि समजूतदार चहा. ग्योकुरोला, म्हणजे सावलीत वाढवलेल्या पानांच्या जपानी हिरव्या चहाला, ५०-६० अंशांचं कोमट पाणी लागतं आणि जरा चुकलं की बिघडतो, इथे पाणी चांगलं गरमच हवं, ८५ ते ९० अंश, कारण खमंगपणा थंड पाण्यात नीट उतरत नाही. २०० मिलीला ४ ग्रॅम पानं, एक मिनिटभर झाकून ठेवायचं आणि मग शेवटच्या थेंबापर्यंत ओतून घ्यायचं, भांड्यात पाणी उरलं तर दुसरा कप कडवट होतो. दुसऱ्यांदा २०-३० सेकंद पुरतात, तिसऱ्यांदा थोडं जास्त. क्यूसू म्हणजे बाजूला दांडा असलेली जपानी किटली असेल तर उत्तम, नाहीतर झाकणाचं कुठलंही छोटं भांडं आणि गाळणी चालते. पाणी मात्र मऊ हवं, बोअरच्या जड पाण्यात वास दबतो आणि रंगही मळकट येतो, तेव्हा फिल्टरचं घ्या. दूध-साखर अजिबात नको. पाणी ओतायच्या आधी गरम केलेल्या रिकाम्या भांड्यात कोरडी पानं टाकून झाकण लावा आणि अर्ध्या मिनिटाने उघडून वास घ्या, अर्धा चहा तिथेच कळतो.